तळटीप ७ : तरंगतं खाद्य

लेखकाने हा शब्द सहज वापरला आहे, पण गोळी तरंगते ती एक्स्ट्रूडरच्या करामतीमुळे. मक्याचे कुरकुरे याच जातीच्या यंत्रातून निघतात. सोयाबीन पेंड, मासळीची कुटी, तांदळाची कणी यांचं ओलसर पीठ मळसूत्राने बंद नळीत रेटलं जातं. वाफ आणि घर्षण यांनी तापमान १०० अंश सेल्सिअसच्या बरंच वर जातं. दाबामुळे पाणी मात्र उकळत नाही. साच्याच्या भोकातून बाहेर पडताच त्याची एकदम वाफ होते आणि गोळी फुगते.

आंध्रच्या कोल्लेरू परिसरात रोहू-कटल्याला कोंडा आणि पेंड भोकं पाडलेल्या पोत्यांतून देतात. रीत स्वस्त, पण बरंचसं खाद्य पाण्यातच विरतं आणि माशाने किती खाल्लं ते कळत नाही. तरंगती गोळी टिपायला मासा वर येतो. तो मंदावला की काठावरचा माणूस हात आखडता घेतो.

शिवाय शिजलेलं पिष्ट सहज पचतं आणि गोळीला बांधूनही ठेवतं. कच्च्या सोयाबीनमधला, प्रथिनं पचू न देणारा घटक निकामी होतो. नॉर्वेत सॅमनच्या सच्छिद्र गोळीत निर्वात यंत्राने तेल मुरवतात. वजनाचा तिसरा हिस्सा चरबीच!

तळाशी चरणाऱ्या कोळंबीसाठी फुगवटा कमी ठेवून बुडणारी गोळीही काढता येते.

यंत्र महाग, विजेचा खर्चही मोठा. त्यात उष्णतेने क जीवनसत्त्व नासतं, म्हणून त्याचं उष्णता सोसणारं रूप घालावं लागतं.