सीएनसी मिलिंग यंत्राची निवड (लहान वर्कशॉप)

सीएनसी मिलिंग यंत्र म्हणजे जॉब पकडून ठेवून संगणकीय प्रोग्रॅमनुसार फिरत्या कटरने धातू कापणारे यंत्र. उभ्या स्पिंडलच्या प्रकाराला ‘व्हीएमसी’ म्हणतात. लहान वर्कशॉपमध्ये बहुधा तेच येते. आकड्यांतल्या सूचनांवर चालणारे पहिले मिलिंग यंत्र १९५२ मध्ये अमेरिकेत एमआयटी संस्थेत दाखवले गेले. नाशिकची तांबे-पितळेची कारागिरी त्याहून फार जुनी. आज पंचवटीतल्या एखाद्या कारागिराला मूर्तीची डाय कोरायची असते, तर सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींतल्या कारखान्यांचे जॉबवर्क घेणाऱ्याला पोलाद तासायचे असते. दोघांचे यंत्र एक असू शकत नाही.

फरक स्पिंडलमध्ये आहे. बारीक नक्षीसाठी २ मिमीचा कटर लागतो. तो मिनिटाला ८,००० फेऱ्यांनी फिरला तरी कडेचा वेग मिनिटाला जेमतेम ५० मीटर होतो. कार्बाइड कटरला पितळात त्याहून बराच अधिक वेग चालतो. म्हणून तिथे १२,००० फेऱ्यांचा स्पिंडल उपयोगी. उलट ६३ मिमीच्या फेसमिलने पोलाद तासताना साधारण साडेसातशे फेऱ्या पुरतात. तिथे कमी फेऱ्यांवर टॉर्क आणि यंत्राचा ताठपणा हवा, आणि होल्डर बसवायला बीटी-३० पेक्षा बीटी-४० टेपर भरवशाचा.

टेबल किती मोठे, हे सगळे विचारतात. उंचीचा हिशेब मात्र राहून जातो. वाईस १०० मिमी, जॉब १५०, होल्डरसह ड्रिल २००: इथेच ४५० मिमी झाले. ड्रिल जॉबवरून मोकळे फिरायला आणखी जागा हवी. स्पिंडलच्या तोंडापासून टेबलापर्यंतचे अंतर तेवढे नसेल, तर रुंद टेबलाचा काही उपयोग नाही.

पंचवटीत जागाच अर्धा निर्णय करते. मध्यम व्हीएमसीचे वजन चार-पाच टन असते. ते उतरवणारी हायड्रा क्रेन काळाराम मंदिराजवळच्या अरुंद गल्लीत वळेल का, हे आगाऊ रकमेआधी टेप घेऊन मोजावे. गोदाकाठी पुराचाही विचार हवा. घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर पाणी कुठवर चढले, यावरून नाशिककर पूर जोखतात. ऑगस्ट २०१६ मध्ये पाणी काठच्या बाजारपेठांत शिरले होते. जोते उंच नसेल, तर सखल भागातली शेड या यंत्रासाठी घेऊच नये. पॅनेलमधले ड्राइव्ह भिजले, की दुरुस्तीचा खर्च लहान धंद्याला पेलत नाही. थ्री-फेज जोडणी, स्वतंत्र अर्थिंग, स्टॅबिलायझर आणि हवेचा कॉम्प्रेसर यांचा खर्च किमतीतच धरावा.

फॅनुक, सीमेन्स, मित्सुबिशी यांपैकी कंट्रोलर कोणता, यावर पुष्कळ चर्चा होते. आपला सेटर ज्यावर सरावला आहे तो घ्यावा. त्याहून महत्त्वाचे, सर्व्हिस इंजिनिअर नाशिकात बसतो की पुण्याहून येतो.

सेकंडहँड यंत्र असेल तर स्पिंडलमध्ये टेस्ट बार बसवून त्याच्या टोकाशी डायल इंडिकेटर लावावा आणि स्पिंडल हाताने सावकाश फिरवावा. सुई किती हलते ते स्वतः पाहावे. मग स्पिंडल अर्धा तास चालवून, तो तापल्यावर, पुन्हा पाहावे. शेवटी आपलाच जॉब, आपल्याच मालातून, विक्रेत्याच्या दारात कापून घ्यावा आणि मापे आपल्या मायक्रोमीटरने घ्यावीत.