पाणी फुटता कामा नये

गणपतीच्या आदल्या दिवशी नेरूळच्या आमच्या घरी समई, तांब्या, ताम्हण सगळं ओट्यावर यायचं. आई चिंच कोळून बसलेली असायची, पण वडील ती लावू देत नसत. आधी तेल काढायचं. समईच्या वाटीतला, दांड्याच्या खोबणीतला ओशटपणा गरम पाण्याने आणि साबणाने जायला हवा. मग तांब्या नळाखाली धरून ते त्याच्या पोटाकडे निरखून बघत. पाणी एकसंध पसरलं तर पितळ स्वच्छ. थेंब सुटे झाले तर तिथे तेल शिल्लक. "पाणी फुटतंय," एवढंच म्हणत आणि तांब्या परत आईच्या हातात देत.

वडिलांची नोकरी अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत, पितळेच्या खात्यात झाली. काडतुसाचं पितळ म्हणजे सत्तर भाग तांबं, तीस भाग जस्त. पत्र्यातून चकती कापायची, तिचा कप करायचा, मग तो कप साच्यातून ओढत ओढत लांब करायचा. प्रत्येक ओढीला पितळ कडक होतं, म्हणून भट्टीत सहाशे अंशांच्या वर तापवून मऊ करायचं आणि पुन्हा ओढायचं. ओढताना साबणाचं पाणी लागतं, नाहीतर साचा आणि पितळ दोन्ही खरवडतात. पण भट्टीत जाण्याआधी तेच वंगण पूर्ण धुवून निघायला हवं. राहिलं तर भाजून काळा डाग बसतो आणि पुढे पातळ सल्फ्युरिक अ‍ॅसिडलाही तो दाद देत नाही. आईची चिंच आणि कारखान्यातलं अ‍ॅसिड, दोघांचं काम एकच, वरचा गंज खाणं. तेलावर दोघांचंही काही चालत नाही.

बंदुकीच्या इतिहासात या धुण्याला कोणी जागा दिलेली नाही आणि मला ते खटकतं. चरबीचा इतिहास मात्र आपल्याला शाळेपासून पाठ असतो. 1857 मधलं एनफिल्डचं काडतूस कागदाचं होतं. गोळी नळीत सहज उतरावी म्हणून त्याला चरबी लावत आणि शिपायाला ते दातांनी फाडावं लागे. गाईच्या आणि डुकराच्या चरबीची वार्ता पसरली, 29 मार्चला बराकपूरला मंगल पांडे उभे राहिले, पुढचं सर्वांना ठाऊक आहे. त्यानंतर दहा वर्षांच्या आतच, 1866 मध्ये, बॉक्सर या इंग्रज अधिकाऱ्याचं पितळी काडतूस आलं आणि 1869 मध्ये खडकीला दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला. बॉक्सरचं काडतूस पितळेचा पातळ पत्रा गुंडाळून केलेलं होतं. सुदानच्या वाळूत ते फाटून बंदुकीत अडकायला लागलं, तेव्हा एकसंध ओढलेल्या केसचे, म्हणजे काडतुसाच्या पितळी नळीचे, दिवस आले. शिपायाच्या दाताशी असलेलं वंगण असं कारखान्याच्या हौदात येऊन पोचलं.

पितळेची दुसरी खोड हिंदुस्थानातल्या पावसाळ्याने दाखवली. इंग्रजांच्या घोड्यांच्या पागांजवळ ठेवलेली काडतुसं पावसाळ्यात आपोआप तडकायची, कोणी हात न लावता. इंग्रजीत या तडकण्याला 'सीझन क्रॅकिंग' असं नाव पडलं. कारण उलगडलं 1921 मध्ये: घोड्यांच्या मुतातला अमोनिया, दमट हवा आणि ओढताना पितळेत साठलेला ताण. तिन्ही एकत्र आले की पितळ चिरतं. मग तयार केसला मंद आचेवर शेकून ताण काढण्याची रीत पडली. वडील अमोनिया असलेलं पॉलिश घरात येऊ देत नसत. साध्या तांब्याला त्याने काही होणार नाही हे त्यांनाही माहीत होतं, पण सवय ती सवय.

माझा भाचा टेक्सासला असतो, नेमबाजी करतो. तिकडे वापरलेल्या केस पुन्हा भरतात. साच्यात घालण्यापूर्वी केसला लॅनोलिन चोळतात, लोकरीतलं ते मेण, आणि नंतर ते काढावंच लागतं. तेलकट केस बंदुकीच्या आतल्या भिंतीला धरून राहत नाही, सगळा रेटा मागच्या बोल्टवर येतो. आत शिरलेलं तेल दारू आणि प्रायमर बिघडवतं. भाचा केस मक्याच्या बुरकुंडांच्या भुशात घोळवायचा. एका रविवारी व्हिडिओ कॉलवर त्याने चकचकीत केस आजोबांना दाखवल्या.

"नळाखाली धर," वडील म्हणाले.

त्याने एक केस धरली. मानेच्या खाली पाणी फुटलं.

"साबण लाव. गरम पाणी घे. परत धू."