हेलिंग बेटावरचं शीड

पेटंटच्या कामात माझं आयुष्य गेलं. हाताखाली शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्यांदा वाचायला देते तो विंडसर्फिंगचा ब्रिटिश निकाल. क्लेम कसा वाचायचा हे इतकं स्वच्छ दाखवणारा दुसरा निकाल मला माहीत नाही.

हॉयल श्वाइट्झर आणि जिम ड्रेक या कॅलिफोर्नियातल्या दोघांनी १९६८ मध्ये शिडाच्या फळीसाठी पेटंट मागितलं. ब्रिटनमधल्या पेटंटच्या मुख्य क्लेमचा गाभा असा: ताणाच्या दोरांशिवाय उभी, बुडाच्या सांध्यावर हवी तिकडे कलणारी डोलकाठी, तिला एका कडेने लावलेलं शीड, आणि शीड ताणून धरणाऱ्या, टोकांशी एकमेकींना जोडलेल्या दोन कमानदार दांड्या.

टॅबर मरीन या कंपनीवर खटला झाला, तेव्हा पीटर चिल्व्हर्सचं नाव पुढे आलं. १९५८ मध्ये, बारा वर्षांचा असताना, त्याने अशीच एक फळी स्वतः तयार केली होती आणि इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या हेलिंग बेटापाशी दोन उन्हाळे लोकांच्या देखत चालवली होती. फक्त त्याच्या दांड्या सरळ होत्या.

पेटंटधारकांनी या फरकावर भर दिला. पण १९८४ मध्ये अपील न्यायालयाने फळी पाण्यात असताना काय होतं ते पाहिलं. शिडात वारा भरला की त्या सरळ दांड्या वाकून कमानदार होत. म्हणजे क्लेममधलं सगळं त्या मुलाच्या फळीत आधीच होतं. शिवाय न्यूमन डार्बीचा ऑगस्ट १९६५ चा ‘पॉप्युलर सायन्स’मधला लेख होता. त्यातली डोलकाठीही मोकळी कलत होती, शीड मात्र पतंगासारखं चौकोनी. त्याजागी नेहमीचं तिकोनी शीड लावणं जाणकाराला सहज सुचलं असतं, असं न्यायालयाने ठरवलं. पेटंट टिकलं नाही.

न्यायमूर्ती ऑलिव्हर यांनी तिथे घालून दिलेला क्रम आजही उपयोगी पडतो: कल्पनेचा गाभा ओळखा, त्या काळच्या जाणकाराला काय ठाऊक होतं ते पाहा, दोन्हींतला फरक मांडा, आणि नवा शोध माहीतच नाही असं धरून विचारा, हा फरक त्याला सहज सुचला असता का?

चिल्व्हर्सकडे ना पेटंट होतं, ना कारखाना. तरी त्याने उघड्यावर वापरलेली वस्तू दहा वर्षांनी कुणालाही एकट्याच्या मालकीची करता आली नाही. म्हणून मी शिकणाऱ्यांना बजावते: जुन्या वस्तूचा कर्ता किती मोठा होता हे विचारू नका, ती लोकांसमोर होती का आणि चालताना काय करत होती, ते विचारा.