तेलबिया आणि गाईच्या दुधाची प्रत (पालघर जिल्हा)

दुभत्या गाईला तेलबिया वा त्यांची पेंड चारल्याने दुधातील मेदाचे प्रमाण आणि त्याहून अधिक त्याची घडण बदलते. पालघर जिल्ह्यात (स्थापना 1 ऑगस्ट 2014) जव्हार-मोखाड्याच्या वरकस जमिनीत पिकणारी खुरासणी आणि किनारपट्टीच्या तबेल्यांत विकत येणारी सरकी पेंड, ही याची दोन महत्त्वाची उदाहरणे.

कोठीपोटातील क्रिया : बियांतील असंपृक्त मेदाम्ले कोठीपोटातील जिवाणू बहुतांशी संपृक्त करून टाकतात. त्यातून आलेल्या स्टिअरिक आम्लाचा काही भाग कासेत ओलेइक आम्लात बदलतो. आहाराच्या शुष्क भागात मेद 6 ते 7 टक्क्यांपुढे गेला, की तंतू पचवणारे जिवाणू मंदावतात आणि दुधातील फॅट वाढण्याऐवजी घसरते. दुधाचा दर फॅट व एसएनएफवर (मेदेतर घन पदार्थांवर) ठरत असल्याने ही मर्यादा पाळणे पशुपालकाच्या थेट हिताचे आहे.

खुरासणी (कारळा) : मूळ इथिओपियाच्या डोंगराळ भागातील. बियांत सुमारे 35 ते 40 टक्के तेल; त्यात लिनोलेइक आम्ल सर्वाधिक. इगतपुरीच्या संशोधन केंद्राचे ‘सह्याद्री’ (आयजीपी-76) हे वाण प्रसिद्ध आहे. गाईला बी नव्हे, पेंड मिळते. म्हणून तेल कसे काढले याला फार महत्त्व. घाण्याच्या पेंडीत बरेच तेल उरते, द्रावकाने काढलेल्या पेंडीत सुमारे 1 टक्का. पहिली मेद व प्रथिने दोन्ही पुरवते, दुसरी प्रामुख्याने प्रथिने. दोन्हींना नुसते ‘पेंड’ म्हणून आहार ठरवणे चूक होय.

सरकी : अख्ख्या सरकीतील तेल कवचामुळे सावकाश सुटते, त्यामुळे फॅट टिकते, बहुधा थोडे वाढते. तूप घट्ट व उशिरा वितळणारे होते. ब्युटिरिक आम्लासारखी लघुशृंखल मेदाम्ले घटून त्यांचे प्रमाण दाखवणारा रायशर्ट-माइसल अंक उतरतो. म्हणूनच ॲगमार्कने कापूस पट्ट्यातील तुपासाठी या अंकाची मर्यादा खाली ठेवली. सरकी खाणाऱ्या जनावराचे तूप सरकी तेल ओळखणाऱ्या हाल्फेन चाचणीतही सरकी तेलासारखा रंग दाखवू शकते. केवळ त्यावरून भेसळीचा ठपका ठेवणे अन्यायाचे ठरेल.

जवस : चारल्यास दुधात ओमेगा-3 थोडे वाढते, लोणी मऊ होते. असे दूध पिणाऱ्याच्या आरोग्यावरील परिणामांबाबत मतभेद आहेत.

बुरशी : कोकणातील पावसाळी दमटपणात शेंगदाणा व सरकी पेंडीवर बुरशी धरते. तिच्यातील अफ्लाटॉक्सिन बी-1 गाईच्या यकृतात एम-1 होऊन दुधात उतरते; उकळल्याने ते जात नाही. भारतात दुधातील मर्यादा किलोमागे 0.5 मायक्रोग्रॅम. पेंड जमिनीपासून उंच, कोरड्या जागी ठेवावी. बुरशी दिसलेली पेंड कमी प्रमाणातही देऊ नये.