गाठी आणि यार्ड : वऱ्हाडच्या कापसाचा परदेशी हिशेब

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लिव्हरपूलच्या बाजारात हिंदुस्थानी कापसाचे भाव निघत, तेव्हा भडोच आणि धोलेरा यांच्या जोडीला आणखी एक नाव असे : ‘ऊमरा’. हे उमरावतीचे, म्हणजे आपल्या अमरावतीचे, दलालांच्या तोंडी झिजलेले रूप. पुढे या नावाखाली खानदेशचा आणि निजामाच्या मुलखातलाही कापूस विकला जाऊ लागला. पण मूळ वऱ्हाडचे. ज्यांनी अमरावती कधी नकाशावरही शोधली नसेल अशी माणसे तिच्या नावावर सौदे करत होती.

या नावाचा प्रवास पाहिला की एक गोष्ट पुन्हापुन्हा समोर येते. वऱ्हाडच्या कापसाचे भवितव्य ज्या धोरणांनी ठरले, त्यांपैकी बहुतेक धोरणे कापसासाठी आखलेली नव्हती. ती कापडासाठी आखलेली होती. आणि ती शेतकऱ्यापर्यंत पोचली तेव्हा बहुतेक वेळा त्याची पेरणी होऊन गेली होती.

मिर्झापूरचा रस्ता, मुंबईचा रस्ता

वऱ्हाडचा कापूस इंग्रजांनी ‘शोधला’ नाही. त्याआधीही तो बैलांच्या पाठीवर लादून शेकडो मैल दूर, गंगेकाठच्या मिर्झापूरला जात असे. पश्चिमेकडे, मुंबईकडे तो वळवण्याचा पहिला मोठा प्रयत्न 1825-26 च्या सुमारास पेस्तनजी आणि विकाजी या पारशी सावकारांनी केला. घाट, नद्या, पावसाळा आणि वाटेवरचे जकातनाके ओलांडता ओलांडता माल महागही होई आणि मळकाही.

21 मे 1853 च्या तहाने निजामाने वऱ्हाड कंपनीच्या हवाली केले. कारण सांगितले गेले ते हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या थकलेल्या खर्चाचे. पण मँचेस्टरचे गिरणीवाले तेव्हा अमेरिकेवरच्या अवलंबित्वाने अस्वस्थ होते. 1857 मध्ये त्यांनी कापूस पुरवठ्यासाठी स्वतंत्र संघटनाच काढली. काळ्या कसदार जमिनीचा सलग पट्टा ऐन वेळी हाती आला होता.

1861 मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्या बंद पडू लागल्या. मुंबईत कापसाचे भाव अनेक पटींनी चढले. अकोला-अमरावतीच्या गावांत रोकड आली, व्यापारी आणि सावकार आले, पऱ्हाटीखालचे क्षेत्र वाढले. 1865 मध्ये युद्ध संपले आणि भाव कोसळले. मुंबईतल्या शेअरबाजाराची वाताहत पुष्कळांनी लिहून ठेवली आहे. वऱ्हाडातल्या कर्जखतांची गोष्ट तितकी लिहिली गेली नाही.

भुसावळहून निघालेला आगगाडीचा रस्ता 1867 मध्ये नागपूरला पोचला, तेव्हा तेजी सरून दोन वर्षे झाली होती. तरी पायाभरणी होतच राहिली. रिव्हेट-कार्नॅक हे अधिकारी मध्यप्रांत व वऱ्हाडचे कापूस आयुक्त म्हणून काम पाहत होते. 1870 मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांनी खामगावच्या रेल्वे फाट्याचे उद्घाटन केले, सोबत हैदराबादचे दिवाण सालारजंग होते. एका तालुक्याच्या बाजारपेठेसाठी खुद्द व्हाइसरॉय येतो, यातच तिचे वजन कळते. खामगाव तेव्हा अकोला जिल्ह्यात होते. फोल्कार्ट आणि राली यांसारख्या युरोपीय पेढ्यांनी या भागात थेट खरेदी सुरू केली. जिन-प्रेस उभे राहिले, अडत्यांची दुकाने वाढली.

या गर्दीतूनच बाजाराला शिस्त लावण्याची गरजही पुढे आली. कारंजा येथे 1886 मध्ये देशातला पहिला नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला आणि 1897 मध्ये वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. आजच्या कृषी उत्पन्न बाजार समितीचे हे मूळ. मात्र त्याच दशकात 1896-97 आणि 1899-1900 असे दोन दुष्काळ पडले. 1891 मध्ये सुमारे 29 लाख असलेली वऱ्हाडची लोकसंख्या 1901 मध्ये साडेसत्तावीस लाखांवर आली. कापूस निर्यात करणाऱ्या, आगगाडी असलेल्या प्रांताची ही शिरगणती आहे.

लांब धागा, आखूड धागा

लँकेशायरला हवा होता लांब धाग्याचा, अमेरिकी वाणाशी मिळताजुळता कापूस. अमेरिकेचा माल परत येताच त्यांनी हिंदुस्थानी कापसाकडे पाठ फिरवली. त्यांच्याकडे ‘सुरत’ हा शब्द निकृष्ट मालासाठीच वापरला जाई. 1869 मध्ये सुएझ कालवा खुला झाल्यावर आखूड धाग्याला युरोप खंडातल्या गिरण्यांचे गिऱ्हाईक मिळाले. पण खरा बदल पूर्वेकडून आला.

1893 मध्ये जमशेटजी टाटांनी जपानच्या निप्पॉन युसेन कैशा या कंपनीशी संधान बांधून मुंबई-कोबे जहाजवाहतूक सुरू करवली आणि पी. अँड ओ. कंपनीच्या चढ्या भाड्याला आव्हान दिले. त्यानंतर तीनच वर्षांत, 1896 मध्ये, जपानने कच्च्या कापसावरचा आयात कर रद्द केला. हेतू आपल्या सूतगिरण्यांना स्वस्त माल मिळावा हा. दूरच्या तोक्योत घेतलेल्या त्या निर्णयाचा परिणाम वऱ्हाडच्या शेतात दिसला. जपानी कारागीर वेगवेगळे कापूस मिसळून सूत काढण्यात तरबेज होते, त्यांना आखूड धागा चालत होता. त्यामुळे लांब धाग्याचे, तलम पण कमी उताऱ्याचे ‘बनी’ वाण मागे पडत गेले. रुईचा उतारा जास्त देणारे जाडेभरडे वाण पुढे आले. सरकारी शेतीखात्यानेही ‘रोझियम’ या आखूड धाग्याच्या वाणाचा प्रसार केला. शेतकऱ्याने दर्जा सोडला, असा दोष त्याला अनेकदा दिला जातो. वास्तविक त्याने गिऱ्हाईक ओळखले होते.

पहिल्या महायुद्धानंतर तोयो मेन्का, गोशो आणि निप्पॉन मेन्का या जपानी कंपन्यांनी देशातल्या कापूस मुलखांत आतपर्यंत खरेदीकेंद्रे नेली. 1920 नंतरच्या दशकात देशाच्या कापूस निर्यातीतला जवळपास निम्मा वाटा जपानचा होता. एकाच गिऱ्हाइकावर एवढा भार किती धोक्याचा, हे 1933 मध्ये कळले.

1933 चा मृग

जागतिक मंदीने कापसाचे भाव आधीच मातीत गेले होते. शेतसारा आणि सावकाराचे व्याज मात्र तसेच होते. त्यातच येनचे मूल्य घसरल्याने स्वस्त झालेल्या जपानी कापडाचा लोंढा आला. मुंबई-अहमदाबादच्या गिरण्या आणि लँकेशायर, एरवीचे हे दोन वैरी, या एका बाबतीत एकमताचे झाले. ब्रिटिशेतर कापडावरचा आयात कर ऑगस्ट 1932 मध्ये 50 टक्के झाला आणि जून 1933 च्या पहिल्या आठवड्यात 75 टक्के. मधल्या काळात, एप्रिलमध्ये, जपानशी असलेला 1904 चा व्यापार करार मोडण्याची नोटीस सरकारने दिली.

जपानच्या सूतगिरण्यांनी उत्तर दिले ते हिंदुस्थानी कापसावर बहिष्कार घालून. जूनचा पहिला आठवडा म्हणजे वऱ्हाडात मृगाची वाट पाहण्याचे दिवस. नांगरणी-वखरणी झालेली, सरकी घरात आलेली. अशा वेळी सर्वांत मोठे गिऱ्हाईक निघून गेले. गिरणीवाला आपली खरेदी चार दिवसांत बदलू शकतो. शेतकऱ्याला वर्षाचा निर्णय एकदाच घ्यावा लागतो.

सप्टेंबरात सिमल्याला वाटाघाटी सुरू झाल्या. हिंदुस्थान सरकारच्या वतीने पुढारपण होते व्यापारखात्याचे सदस्य सर जोसेफ भोर यांच्याकडे; ते जन्माने नाशिकचे. बोलणी लांबली, पुढे दिल्लीत सरकली. इकडे वेचणी सुरू झाली, बंड्या बाजारात येऊ लागल्या, आणि तोडगा निघाला तो जानेवारी 1934 मध्ये. करारावर रीतसर सह्या त्याच वर्षी जुलैत लंडनला झाल्या.

त्या कराराचा हिशेब मुळातून पाहण्यासारखा आहे. जपानने वर्षाला 10 लाख गाठी कापूस घेतला, तर त्याला 32.5 कोटी यार्ड कापड हिंदुस्थानात विकता येईल. त्यापुढे दर 10 हजार गाठींमागे 15 लाख यार्ड जादा; कमाल मर्यादा 15 लाख गाठींना 40 कोटी यार्ड. कापडावरचा कर 50 टक्क्यांवर आणला गेला. म्हणजे पहिल्या 10 लाख गाठींपैकी प्रत्येक गाठीमागे 325 यार्ड, आणि पुढच्या प्रत्येक गाठीमागे फक्त 150. कापसाची गाठ हे कापडाच्या दाराचे तिकीट ठरले होते. त्या हिशेबात गाठींची संख्या होती, यार्डांची संख्या होती. शेतकऱ्याच्या हाती काय पडावे, याचे कलम नव्हते. ऑक्टोबर 1933 मध्ये मुंबईचे गिरणीमालक आणि लँकेशायर यांच्यात झालेल्या मोदी-लीज करारातही हिंदुस्थानी कापूस जास्त वापरण्याचे आश्वासन होते, तेही कापडाच्या तडजोडीचा एक भाग म्हणून.

एक मात्र मान्य केले पाहिजे. कापसाची निर्यात नसती, तर जपानला वाटाघाटीला बसवण्याचे हत्यार सरकारकडे नव्हते आणि हिंदुस्थानावर उलटवण्याचे हत्यार जपानकडेही नव्हते. ते हत्यार वऱ्हाडसारख्या मुलखांनी पिकवले होते.

स्वराज्यातला कापूस

स्वातंत्र्यानंतर गिऱ्हाईक बदलले, क्रम बदलला नाही. देशी गिरण्यांना कापूस स्वस्त मिळावा म्हणून निर्यातीवर कोटा आला. पीएल-480 खाली गव्हाबरोबर अमेरिकी कापूसही आला. अमरावतीचे डॉ. पंजाबराव देशमुख 1952 ते 1962 देशाचे कृषिमंत्री होते, पण कापूस निर्यातीचा निर्णय वाणिज्य खात्याच्या अखत्यारीत होता. 1972 पासून महाराष्ट्रात एकाधिकार खरेदी आली. तिने काही वर्षे आधार दिला, काही वर्षे पाय बांधून ठेवले. निर्यातबंदी आणि भावनियंत्रण यांमुळे शेतकऱ्याला ‘उणे सबसिडी’ मिळते, असा युक्तिवाद शरद जोशींनी याच पार्श्वभूमीवर मांडला. श्रीमंत देश मात्र आपल्या कापूस उत्पादकांना उघडपणे पैसे देत होते. ब्राझीलने जागतिक व्यापार संघटनेत अमेरिकेच्या या अनुदानांविरुद्ध दावा लावून 2005 मध्ये तो अपिलातही जिंकला, आणि जुनी तक्रार जगाच्या वेशीवर टांगली गेली.

5 मार्च 2012 रोजी केंद्राने कापूस निर्यात एकाएकी बंद केली. आपल्याला विचारले नव्हते, असे कृषिमंत्री शरद पवारांनी जाहीरपणे सांगितले, आणि आठवडाभरात बंदी मागे घेण्याची घोषणा झाली. 19 ऑगस्ट 2025 पासून आयातीवरचा 11 टक्के कर माफ झाला, नंतर ही सूट 31 डिसेंबरपर्यंत वाढवली गेली. त्याच महिन्यात अमेरिकेने भारतीय मालावरचा कर 50 टक्क्यांवर नेला होता, आणि कापड उद्योगाला दिलासा हवा होता. ऑगस्टात वऱ्हाडात कपाशी पात्या-फुलांवर असते. लांब धाग्याचा हमीभाव त्या हंगामासाठी 8,110 रुपये जाहीर झालेला होता. मात्र पीक उभे असतानाच परदेशी गाठींना दार उघडले गेले.

कापड उद्योगाची अडचण खोटी नसते. गिरणी बंद पडली की काय होते, हे सावतराम मिलच्या अकोल्याला वेगळे सांगायला नको. स्वस्त कापूस मागणे हा गिरणीचा धर्मच आहे. प्रश्न एवढाच की, 1933 मध्ये परके सरकार होते म्हणून शेतकऱ्याचे कलम राहून गेले, असे म्हणण्याची सोय होती. आता ती सोय उरलेली नाही. आयात-निर्यातीचे नियम हंगामभर कायम राहतील एवढी हमी पेरणीपूर्वी मिळाली, तरी ‘ऊमरा’ पिकवणाऱ्यांच्या वंशजांना आपला निर्णय आपण घेतल्यासारखे वाटेल. मृगाची तारीख दिल्लीच्या पंचांगातही आहे.