गाडी कुठल्या सालची?

आजचा भाग इतिहासाचाच आहे, पण कारण स्वार्थी आहे. मला पुढच्या जूनमध्ये स्पिती करून लडाखला जायचंय. खिशात दीड लाख रुपये आहेत, म्हणजे गाडी सेकंडहँडच घ्यायची. समोर तीन पर्याय आहेत. काकांची १९९४ सालची बुलेट, एक २०१६ सालची हिमालयन आणि एक २०१९ सालची हिमालयन. काकांनी तर किल्लीच हातात दिली. "ही घेऊन जा, हिला काही होत नाही." आता काकांना नाही कसं म्हणायचं?

जुनी गाडी बघायला गेलं की आपण पहिला प्रश्न विचारतो, कुठल्या सालची? विचारतो ते किंमत पाडण्यासाठी. पण या तीन गाड्यांच्या नादात मी वाचायला बसलो आणि लक्षात आलं, की ते साल म्हणजे नुसतं वय नाही. गाडी बिघडली तर ती कोण आणि कशाने दुरुस्त करणार, हे त्या सालावर ठरतं.

थोडं मागे जाऊ. लांबच्या आणि खराब रस्त्यांसाठी वेगळी बाईक असते ही कल्पनाच तशी नवी आहे. १९७३ मध्ये टेड सायमन नावाचा पत्रकार लंडनहून जगप्रवासाला निघाला, तो साध्या रस्त्यावरच्या ५०० सीसी ट्रायम्फवर. चार वर्षं फिरला, भारतातूनही गेला. वाटेत जे मोडलं ते वाटेतच दुरुस्त करत गेला. मग यामाहाची एक्सटी ५०० आली. एक सिलिंडर, साधी रचना, उंच सस्पेन्शन. डिसेंबर १९७८ मध्ये पॅरिसहून पहिली डकार रॅली सुटली आणि ती सिरिल नेव्हूने याच गाडीवर जिंकली. १९८० मध्ये बीएमडब्ल्यूने आर ८० जी/एस काढली. यातला 'जी' म्हणजे जर्मनमध्ये ओबडधोबड जमीन आणि 'एस' म्हणजे रस्ता. हायवेवर दिवसभर पळेल आणि डांबर संपलं तरी थांबणार नाही, अशी मोठी गाडी. आज ज्याला आपण ॲडव्हेंचर बाईक म्हणतो, तो प्रकार तिथून रुळला.

आपल्याकडे काय होतं? आपल्याकडे बुलेट होती. बुलेट मुळात इंग्लंडची, हे नाव १९३२ पासूनचं. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला आपल्या लष्कराने सीमेवरच्या गस्तीसाठी ३५० सीसीची बुलेट निवडली आणि १९५५ मध्ये मद्रासला एनफिल्ड इंडिया उभी राहिली. पुढे इंग्लंडमधली मूळ कंपनी बंद पडली, पण मद्रासचा कारखाना तीच गाडी बनवत राहिला. १९६० मध्ये बॉर्डर रोड्स ऑर्गनायझेशन स्थापन झाली आणि डोंगरातले रस्ते वाढत गेले. १९७४ मध्ये लडाख पर्यटकांसाठी खुलं झालं. बुलेट काही डोंगरासाठी बनवलेली नव्हती. जड गाडी, जमिनीपासून फार उंच नाही. पण फौजेमुळे ती तिथे आधीच पोचली होती. तिचे सुटे भाग आणि ती खोलता येणारे हात तिच्या मागोमाग गेले. 'लडाखला बुलेटच' हे जे आपण ऐकत मोठे झालो, त्यामागे मला तरी रुबाबापेक्षा हे कारण मोठं वाटतं.

काकांची गाडी त्याच वंशातली. ओतीव लोखंडाचं सिलिंडर, गिअर उजव्या पायात, ब्रेक डाव्या पायात, आणि न्यूट्रल शोधायला वेगळी दांडी. २००८ ते २०१० या काळात कंपनीने एकेक मॉडेल नव्या इंजिनवर आणलं. त्यात इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच कवचात असतात. जुनं इंजिन बंद झालं. म्हणजे आज काकांच्या बुलेटला हात लावणारा मेकॅनिक शोधायचा, तर पन्नाशीच्या पुढचा शोधावा लागतो. जी गाडी कुठेही दुरुस्त व्हायची, तिच्याबाबतीत हे आता तितकंसं खरं उरलं नाही. शिवाय माझा उजवा पाय घाबरला की ब्रेक शोधतो. तिथे गिअर सापडला तर घाटात काय होईल, ते सांगायला नको.

२०१६ मध्ये हिमालयन आली. ४११ सीसी, पुढचं चाक २१ इंची, जमिनीपासून २२० मिलिमीटर उंची. पहिल्या गाड्यांना कार्बोरेटर होता. २०१७ मध्ये बीएस-४ नियम लागू झाले आणि तिला फ्युएल इंजेक्शन आलं. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं. २०२० मध्ये बीएस-६ आलं आणि मागच्या चाकाचं एबीएस बंद करायचं बटण मिळालं. खडीच्या उतारावर मागचं चाक थोडं लॉक करून घसरवायचं असतं, त्याला ते उपयोगी. नाव एकच, पण चार वर्षांत गाड्या चार झाल्या.

आता कार्बोरेटर की इंजेक्शन? खारदुंग ला साधारण ५,३५९ मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याच्या आसपास असतो. कार्बोरेटरला हे कळत नाही. तो जेटच्या भोकातून मापाने पेट्रोल सोडत राहतो, हवा कमी पडते आणि गाडी धापा टाकते. इंजेक्शनवाली गाडी सेन्सरने दाब मोजते आणि पेट्रोल कमी करते. माझ्यातल्या इंजिनीअरला हे ऐकूनच बरं वाटलं.

पण दुसरी बाजूही मी भोगलेली आहे. दोन वर्षांपूर्वी मित्राची इंजेक्शनवाली गाडी घेऊन वेल्ह्याच्या पुढे केळदकडे निघालो होतो. ब्रँड सांगत नाही. मध्येच बंद पडली. गावातला मेकॅनिक आला, दिवा बघितला आणि म्हणाला, "याला लॅपटॉप लागंल." माझ्या सॅकमध्ये लॅपटॉप होता! पण त्या गाडीशी बोलणारी वायरही नव्हती आणि सॉफ्टवेअरही नव्हतं. गाडी टेम्पोत घालून पुण्याला आणली.

मग निर्णय कसा घ्यायचा? मला उत्तर बुलेटच्याच इतिहासात मिळालं. तुम्ही जिथे जाणार, तिथे आधीपासून कुठली गाडी फिरतेय ते बघा. मनाली आणि लेहमध्ये भाड्याने मिळणाऱ्या गाड्यांत आज इंजेक्शनवाल्या हिमालयन भरपूर दिसतात. म्हणजे तिचे भाग आणि ती समजणारी माणसं तिथे आहेत. म्हणून २०१९ ची. एबीएस बंद करायचं बटण नाही, ते मान्य.

काकांना हे सगळं सांगितलं. थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "बघायला मी येतो." विकणाऱ्याच्या पार्किंगमध्ये शिरल्याबरोबर त्यांनी सीटकडे, टाकीकडे बघितलंही नाही. थेट इंजिनजवळ हात नेला. "गरम आहे. आपण यायच्या आधी चालू करून ठेवलीय." त्या दिवशी आम्ही परत आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला न सांगता गेलो. इंजिन गार होतं. एका बटणात चालू झालं. काकांनी पुढच्या फोर्कच्या सीलवर बोट फिरवलं, तेल नव्हतं. चाक उचलून फिरवलं, रिम सरळ. हँडल डावी-उजवीकडे वळवून कुठे अडकतंय का बघितलं. खालच्या पत्र्यावर ओरखडे होते. काका म्हणाले, "असू देत. चालवलेली गाडी आहे." मी आरसीवरचा चॅसी नंबर जुळवला, बँकेचा बोजा उतरलाय का बघितलं आणि फॉर्म २९ व ३० वर सह्या घेतल्या. गाडी दुसऱ्या राज्यातली असती तर फॉर्म २८, म्हणजे एनओसीही लागली असती.

घरी येताना हिमालयन काकांनीच चालवली. पहिल्या सिग्नलला त्यांनी सवयीने डावा पाय दाबला आणि ब्रेकऐवजी गिअर पडला. मागे बसून मी काही बोललो नाही.

तुमच्याकडे घरातली एखादी जुनी गाडी असेल तर तिचं साल आणि तिच्याबरोबरची माणसं मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात.