आपले पिंपळनेर : नदी, हवा आणि माणसे



आपल्या मंडळाच्या स्मारिकेत दरवर्षी पाककृती येतात, विणकामाचे नमुने येतात, ओव्या आणि अभंगही येतात. यंदा गावाची माहिती असावी असे बैठकीत ठरले आणि ते काम माझ्याकडे आले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा मोठ्या विद्वत्तेची अपेक्षा कोणी ठेवू नये. परंतु लग्न होऊन या गावी आल्याला मला पंचवीस वर्षे झाली. या काळात थोरामोठ्यांकडून जे ऐकले, धाकट्या दिरांनी वाचनालयातून आणून दिलेल्या पुस्तकांत जे वाचले आणि स्वतः जे पाहिले, ते आपणांपुढे ठेवीत आहे.

आपल्या गावाचे नाव सांगितले की बाहेरगावची मंडळी हमखास विचारतात, "निळोबारायांचे पिंपळनेर का?" ते पिंपळनेर निराळे. ते अहिल्यानगर जिल्ह्यात पारनेर तालुक्यात आहे. आपले पिंपळनेर खानदेशातले, धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातले, पांझरेकाठचे. 'नेर' हा शब्द 'नगर' या शब्दापासून झाला असे सांगतात. अमळनेर, जामनेर, पारनेर ही त्याच घराण्यातली नावे. पिंपळाखाली वसलेले गाव, एवढा साधा अर्थ मनात धरला तरी पुरे.

गावाची जागा नीट समजून घेतली तर पुढचा सगळा इतिहास आपोआप उलगडतो. आपल्या पश्चिमेस सह्याद्रीच्या रांगा आणि त्यापलीकडे डांग. दक्षिणेस शेलबारीचा घाट ओलांडला की ताहाराबाद आणि बागलाण. वायव्येस चरणमाळच्या घाटाने नवापूर गाठता येते. पूर्वेस वीस-पंचवीस किलोमीटरवर साक्री आणि तेथून पुढे धुळे. म्हणजे डोंगर संपून देश जिथे सुरू होतो, त्या उंबऱ्यावर आपले गाव बसले आहे. उंबऱ्यावर बसलेल्याला घरातलेही दिसते आणि बाहेरचेही दिसते; आपल्या बाजाराचे तसेच आहे. डोंगरातली नागली, भात, मध आणि डिंक इकडून खाली गेले, आणि देशावरचे मीठ, कापड, भांडी इकडून वर गेली.

आपली पांझरा शेंदवडच्या डोंगरात उगम पावते. लाटीपाड्याच्या धरणात थोडी विसावून ती आपल्या गावाशी येते. जामखेली तिला मिळते, पुढे साक्रीकडची कान मिळते. तेथून ती धुळ्यास जाते, मग उत्तरेकडे वळते आणि मुडावद येथे तापीच्या स्वाधीन होते. धुळ्याला ज्या नदीच्या काठी लोक देवदर्शनाला जातात, तिचे पहिले मोठे गाव आपले, हे आपल्या मुलांना ठाऊक असावे.

आता हवेविषयी. सह्याद्रीच्या सावलीत असल्यामुळे पाऊस आपल्याकडे येईपर्यंत बराच रिता झालेला असतो. तरीही धुळ्यापेक्षा आपल्याकडे तो बरा. धुळ्याकडे वर्षाला साधारण पाचशे ते सहाशे मिलिमीटर पडतो, तर नवापूरकडे जवळजवळ त्याच्या दुप्पट. आपण या दोहोंच्या मधले. म्हणूनच पश्चिमेच्या पाड्यांवर भात आणि नागली, तर पूर्वेकडे बाजरी, मका, भुईमूग आणि कांदा. एकाच तालुक्यात एकीच्या घरी नागलीची भाकरी रोजची आणि दुसरीच्या घरी बाजरीची, ती या पावसाच्या करणीने. उन्हाळा कडक असतो; पण डोंगर जवळ असल्याने रात्री थोडी झुळूक मिळते. वारा तर इतका की तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर विजेसाठी मोठमोठ्या पवनचक्क्या उभ्या आहेत. आपली वाळत घातलेली लुगडी उडवणारा वारा वीजही करतो, याचे मला आजही नवल वाटते.

परंतु याच हवेने गावाचे एके काळी नुकसानही केले. १८१८ साली पेशवाई बुडून खानदेश इंग्रजांकडे गेला. त्यापूर्वी १८०३-०४ च्या दुष्काळाने आणि लुटालुटीने हा मुलूख अगदी ओसाड झाला होता. पुढे इंग्रजांनी जिल्ह्याचे तालुके पाडले. १८८० साली छापलेल्या खानदेशच्या गॅझेटियरात सोळा तालुके दिले आहेत, त्यांत आपले पिंपळनेर हा एक तालुका आहे. १९०६ साली खानदेशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले तेव्हाही पश्चिम खानदेशात पिंपळनेर तालुका होता; पण तोपर्यंत कचेरी साक्रीला गेलेली होती. नाव आपले आणि कारभार साक्रीचा, अशी स्थिती काही वर्षे राहिली. पुढे नावही साक्रीचेच झाले.

कचेरी का गेली? आमच्या आजेसासूबाई सांगत की इथल्या हिवतापाला साहेबलोक कंटाळले. पावसाळा सरून आश्विन-कार्तिक आला की डोंगराकडच्या या भागात घरोघरी थंडीताप. एका घरात चार-चार अंथरुणे पडत आणि भाकरी थापायला उठणारी एकच बाई उरे. डासामुळे हिवताप होतो हे १८९७ साली रोनाल्ड रॉस यांनी शोधून काढले. त्याआधी लोक पाण्याला आणि हवेला दोष देत. १९५३ साली सरकारने देशभर हिवताप-नियंत्रणाची मोहीम सुरू केली, घरोघर औषधाची फवारणी झाली आणि हा रोग पुष्कळ हटला. कारकून बदली मागून जाऊ शकत होते. बायकांना बदली नव्हती. त्या येथेच राहिल्या, त्यांनी आजारी माणसांना काढे पाजले, लेकरे वाढवली. कचेरी गेली तरी गाव उठले नाही, याचे श्रेय माझ्या मते त्यांचे आहे.

गाव टिकण्याचे दुसरे कारण पांझरेचे पाणी आणि ते वाटून घेण्याची रीत. या रीतीला फडपद्धत म्हणतात. पांझरा, मोसम आणि आरम या नद्यांवर ती तीनशेहून अधिक वर्षांपासून चालत आली आहे असे जाणकार सांगतात. नदीला दगडी बंधारा घालायचा, त्यातून पाट काढायचा आणि पाटाखालच्या सगळ्या जमिनीचे तीन-चार मोठे भाग करायचे. त्या प्रत्येक भागाला फड म्हणतात. एका फडात एका वर्षी सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे, पुढच्या वर्षी फेरपालट करायची. पाणी सोडायला पाटकरी, देखरेखीला हवालदार आणि राखणीला जागल्या; त्यांचा मोबदला धान्याच्या रूपाने. पाटातला गाळ काढायला सगळ्यांनी मिळून जायचे.

यातली खरी खुबी पुढेच आहे. शेतकऱ्याचे थोडे थोडे शेत बहुधा प्रत्येक फडात असे. पाऊस कमी झाला की पंच बसून ठरवीत, यंदा अमुक एक फड कोरडा ठेवायचा. त्यामुळे तोटा एकट्यादुकट्याच्या माथी बसत नसे; सगळ्यांचेच थोडे थोडे जाई आणि सगळ्यांचेच थोडे थोडे राही. आपणही घरात तसेच करतो. दूध कमी आणि पाहुणे जास्त झाले तर कोणाचा पेला रिकामा ठेवत नाही, सगळ्यांना अर्धा अर्धा देतो. आपल्या पूर्वजांनी हाच हिशेब नदीला लावला होता.

या नदीच्या पाटांशी एका थोर पुरुषाचे नाव जोडलेले आहे. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८४ साली मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात तरुण इंजिनीयर म्हणून लागले. खानदेशातल्या त्यांच्या पहिल्या कामांपैकी एक म्हणजे आपल्याच तालुक्यातल्या दातर्ती येथे पांझरेवरच्या पाटासाठी केलेली नळाची मोरी. पुढे म्हैसूरचे दिवाण आणि १९५५ साली भारतरत्न झालेल्या या माणसाने उमेदवारीचे धडे आपल्या नदीजवळ गिरवले.

मात्र ही रीत सर्वांना पुरली असे म्हणता येणार नाही. ज्याचे शेत पाटाखाली, त्यालाच पाणी. ज्यांना जमीनच नव्हती, किंवा ज्यांची जमीन उंच डोंगरउतारावर होती, ते या वाटणीच्या बाहेर राहिले. आपल्या गावाच्या लोकवस्तीचा विचार करताना ही गोष्ट विसरून चालणार नाही.

२०११ च्या शिरगणतीत धुळे जिल्ह्याची लोकसंख्या २०,५०,८६२ भरली आणि त्यांपैकी साडेचार लाखांहून अधिक माणसे एकट्या साक्री तालुक्यातली होती. या तालुक्याच्या पश्चिम भागात कोकणी, भिल्ल, मावची या आदिवासी बांधवांची वस्ती मोठी. गावात शेतकरी, कारागीर, व्यापारी, नोकरदार असे अठरापगड लोक. घरात अहिराणी, शाळेत मराठी, बाजारात कोकणी आणि थोडी गुजराती, अशा चार भाषा आपल्या कानांवर रोज पडतात. श्रावणात कानबाईचे रोट होतात, अक्षय्यतृतीयेला म्हणजे आखाजीला माहेरवाशिणी झोक्यावर बसतात, खंडोजी महाराजांचा नामसप्ताह गाजतो, आणि मार्गशीर्षात पश्चिमेच्या पाड्यांवर डोंगऱ्यादेवाचा उत्सव चालतो. १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले तेव्हा डांग गुजरातेत गेला. नकाशावर रेघ पडली. पण सोयरीक आणि बाजार रेघ ओलांडून चालूच राहिले.

ही लोकवस्ती वर्षभर सारखी नसते. दिवाळी झाली की डोंगराकडची कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. तितके महिने त्यांच्या लेकरांची शाळा बुडते. शिरगणतीच्या आकड्यात ही ये-जा दिसत नाही. पण आपल्या शेजारच्या पाड्यावर बंद दारे दिसतात, ती याचीच.

याच डोंगरात एक आनंदाची गोष्टही घडली आहे. बारीपाडा येथील जंगल तोडून तोडून उघडे पडले होते. १९९१-९२ च्या सुमारास श्री. चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने गावकऱ्यांनी नियम केले, झाड तोडणाऱ्याला दंड ठेवला आणि आळीपाळीने पहारा केला. सुमारे ४४५ हेक्टर जंगल पुन्हा उभे राहिले, विहिरींना पाणी आले. २०२५ साली श्री. पवार यांना पद्मश्री मिळाली. आपल्या भगिनींच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही की २००४ पासून तेथे रानभाज्यांच्या पाककृतींची स्पर्धा भरते. ज्या बायकांनी कधी शाळा पाहिली नाही, त्या शंभराहून अधिक भाज्या ओळखतात, कोणती कोवळी खावी आणि कोणती दोनदा उकडावी हे सांगतात. फडाचा जो नियम पाण्याला होता, तोच येथे जंगलाला लागला : आपण सगळे मिळून राखू आणि सगळे मिळून खाऊ.

आज पिंपळनेर पूर्वीचे राहिलेले नाही. कर्मवीर आ. मा. पाटील यांच्या नावाचे महाविद्यालय आहे, त्यात पाड्यांवरच्या मुलीही शिकतात. ग्रामपंचायत जाऊन नगरपरिषद आली. अपर तहसील कार्यालय आल्याने गेलेल्या कचेरीचा काही भाग परत आला म्हणावयास हरकत नाही. कांद्याचा बाजार मोठा झाला. परंतु शेतोशेती कूपनलिका झाल्या. ज्याची नळी खोल त्याला पाणी, शेजाऱ्याची विहीर आटली तरी विचारणारे कोणी नाही. फड, पाटकरी, जागल्या हे शब्द आपल्या मुलांना परके झाले आहेत. कचेरी गेली तेव्हा गावाचा मान गेला. ही वाटणीची रीत गेली तर मात्र गावपणच जाईल, अशी मला भीती वाटते.

म्हणून मंडळापुढे तीन सूचना नम्रपणे ठेवते. पहिली, घरातल्या वृद्ध स्त्रियांकडून जुने बंधारे, पाट, विहिरी आणि शिवारांची नावे लिहून घ्यावीत. त्यांच्याबरोबर ती जाण्याआधी हे व्हावे. दुसरी, ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांच्या मुली मागे राहून शिकू शकतील अशी काही सोय करता येते का, ते पाहावे. तिसरी अगदी सोपी. आठवड्याच्या बाजारात पश्चिमेकडची बाई पहाटे निघून डोक्यावर करटुली, बांबूचे कोंब किंवा नागली घेऊन येते. तिच्याशी दोन रुपयांसाठी घासाघीस न करता तिला तिचा भाव द्यावा. पाटाचे पाणी तिच्या शेतापर्यंत कधी पोहोचले नाही. आपल्या हातून निदान योग्य मोल तरी तिच्यापर्यंत पोहोचावे.

आपल्या मंडळाची उत्तरोत्तर भरभराट होवो आणि पांझरामाईचे पाणी आपल्या सर्वांना पुरून उरो, हीच ईश्वरचरणी प्रार्थना.